पॉझिटिव्ह म्हणजे किती?

२००९च्या पावसाळ्यात आमच्या कॉलेजात रक्ततपासणीचं शिबिर होतं. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. बोट टोचलं, रक्ताचा थेंब एका छोट्या काचेच्या नळीत सोडला, पाच मिनिटांनी नळीच्या मागे काळ्या रेघांचा कागद धरून पाहिलं आणि एका चिठ्ठीवर लाल शाईत लिहून दिलं, 'सिकल पॉझिटिव्ह'. मी काही विचारायच्या आत मागच्या मुलीचा नंबर पुकारला गेला.

घरी आले तर आई इंदोऱ्याच्या आमच्या अंगणात धान्य निवडत बसली होती. माझा चेहरा पाहून तिनं सूप बाजूला ठेवलं.

"काऊन वं, काय लिहिलं हाये त्याच्यात?"

"पॉझिटिव्ह."

"म्हंजे चांगलं का वाईट?"

याचं उत्तर मला द्यायला सात वर्षं लागली. त्या सात वर्षांची आणि त्यानंतरच्या तपासण्यांची ही हकिकत आहे. विदर्भात अशी चिठ्ठी घेऊन घरी जाणाऱ्या मुली आजही आहेत, म्हणून ती सविस्तर लिहिते आहे.

आमच्या घराला सिकलसेल, आई-बापाकडून येणारा हा रक्ताचा आजार, नवा नव्हता. माझा मोठा मामेभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, लहानपणापासून या आजारात होता. थंडी सुरू झाली की त्याच्या मांड्या आणि पाठ धरायची. "हाडात कोनी काच कुटून रायलं," असं तो म्हणायचा. मामी रात्रभर त्याच्या पायाला गरम मीठ शेकत बसायची आणि पहाटे ऑटोत घालून त्याला मेयोला न्यायची. नागपुरात इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालयाला कुणी त्याच्या नावानं ओळखत नाही, मेयोच म्हणतात. त्यामुळे 'सिकल पॉझिटिव्ह' वाचल्यावर माझ्या डोळ्यांपुढे दादाच आला. आता माझीही हाडं धरणार, इतकंच मला कळलं.

नळीतल्या त्या तपासणीला सोल्युबिलिटी टेस्ट म्हणतात. आज मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे तेव्हा नळीत काय घडलं ते सांगू शकते. नळीत सोडियम डायथायोनाइट असलेलं द्रावण असतं. ते रक्तातला ऑक्सिजन काढून घेतं. सिकलचं हिमोग्लोबिन, म्हणजे हिमोग्लोबिन एस, ऑक्सिजन गेला की विरघळलेलं राहत नाही. त्याचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे होतात आणि द्रावण गढूळ होतं. मागच्या रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, झाकल्या गेल्या तर पॉझिटिव्ह. तपासणी स्वस्त, झटपट, गावोगावी करता येण्यासारखी. पण आई आणि बाप दोघांकडून सिकलचा जीन आला असेल, म्हणजे माणूस एस-एस, रुग्ण असेल, तरी नळी गढूळ होते. आणि एकाकडूनच आला असेल, म्हणजे माणूस ए-एस, नुसता वाहक असेल, तरीही होते. वाहकाला सहसा काहीच त्रास नसतो. दादाचं आयुष्य आणि माझं आयुष्य यांत जमीन-अस्मानाचा फरक, आणि दोघांच्या नळ्या सारख्याच गढूळ. ही चाळणी आहे, चाळून झाल्यावर पुढे पक्की तपासणी करायची असते. शिबिरातल्या लोकांना हे ठाऊक होतं. चिठ्ठीवर 'पुढची तपासणी करा' एवढे तीन शब्द त्यांनी लिहायला हवे होते. मला आजही त्या तीन शब्दांचा राग येतो.

थकवा आला की सिकल, पाळीत पोट दुखलं की सिकल, परीक्षेच्या आधी ताप आला की सिकल. सहलीला गेले नाही, धावायचं सोडलं. २०१४ मध्ये वर्ध्याकडचं एक स्थळ जमत आलं होतं. बाबांनी प्रामाणिकपणे चिठ्ठी दाखवली. पाहुणे चहा पिऊन गेले, आठवड्यानं निरोप आला, पोरगी आजारी आहे. बाबा नंतर कित्येक दिवस माझ्याशी डोळे भिडवून बोलले नाहीत. खरं सांगितल्याची टोचणी त्यांना लागली होती.

२०१६ मध्ये हिमोग्लोबिन ९.८ आलं म्हणून धंतोलीतल्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. मी सवयीनं सांगून टाकलं, "मॅडम, मी सिकल पॉझिटिव्ह आहे." त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "ए-एस की एस-एस?"

सात वर्षांत हा प्रश्न मला कुणी पहिल्यांदाच विचारला होता. ठाऊक नाही, अशी मी मान हलवली. त्यांनी कागदावर चार अक्षरं लिहून दिली, एचपीएलसी.

लॅब रामदासपेठेत होती. हाताच्या शिरेतून रक्त घेतलं, जांभळ्या झाकणाच्या नळीत भरलं, नळी सात-आठ वेळा हळूच उलटीसुलटी केली. तिथे काम करणाऱ्या ताईंना मी विज्ञान शिक्षिका असल्याचं सांगितलं आणि मशीन पाहू द्याल का विचारलं. त्यांनी दुपारी गर्दी ओसरल्यावर यायला सांगितलं. त्या दुपारचं ऋण माझ्यावर आहे.

मशीन साधारण घरातल्या कपाटाच्या एका खणाएवढं. शेजारी द्रावणांच्या बाटल्या, समोर संगणक. नमुने एका गोल फिरत्या चकतीत उभे. मशीनची सुई नळीत उतरते, कणभर रक्त उचलते, लाल पेशी फोडून ते पातळ करते आणि एका बोटभर लांबीच्या नळकांड्यात ढकलते. त्याला कॉलम म्हणतात. खरी गंमत त्या कॉलममध्ये आहे. आत बारीक कणांचा थर गच्च भरलेला असतो आणि त्या कणांवर ऋण विद्युतभार असतो. हिमोग्लोबिन आत गेलं की आपल्या धन भारानं त्या कणांना चिकटतं. मग वरून क्षारांचं द्रावण सोडतात, आधी फिकं, मग हळूहळू तेज. ज्याची पकड ढिली ते हिमोग्लोबिन आधी सुटून बाहेर येतं, ज्याची घट्ट ते उशिरा. शेतातून चालताना कपड्यांना कुसळं लागतात, तसं आहे हे. काही झटकलं की पडतात, काही बोटांनी एकेक काढावी लागतात. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक हिमोग्लोबिनवर ४१५ नॅनोमीटरचा जांभळा प्रकाश पडतो, किती प्रकाश शोषला गेला ते मशीन मोजतं आणि पडद्यावर रेघ चढते-उतरते.

"बघा, आता तुमचं येतंय," ताई म्हणाल्या.

आधी एक बारीक उंचवटा, ते गर्भातलं हिमोग्लोबिन, एफ. मग चांगला उंच डोंगर, ते ए, निरोगी माणसाचं नेहमीचं हिमोग्लोबिन. त्याच्यापुढे एक ठेंगणी टेकडी, ए-टू. रेघ खाली आली, सपाट चालली. मी श्वास रोखून बसले होते. साडेचार मिनिटांच्या जरा आधी ती पुन्हा वर चढली, दुसरा डोंगर झाला, पहिल्यापेक्षा बुटका, आणि उतरली. सहा-साडेसहा मिनिटांत सगळं संपलं. प्रिंटरमधून कागद आला. एस ३४.८ टक्के. वेळ ४.४२ मिनिटं.

"तुमच्यात ए जास्त आहे, एस कमी. तुम्ही ए-एस. वाहक. आजारी नाही तुम्ही," ताई म्हणाल्या. "रुग्णाच्या ग्राफमध्ये हा पहिला डोंगर नसतोच."

मी तो पहिला डोंगर बोटानं चाचपून पाहिला. कागदावर काय लागणार हाताला. पण सात वर्षं मला कुणी तो दाखवला नव्हता. थकवा लोहाच्या कमतरतेचा निघाला, तीन महिने गोळ्या घेतल्या, हिमोग्लोबिन बारावर गेलं. इतकं साधं होतं ते.

एस उशिरा का येतं, हे मला त्या रात्री झोपू देईना. पुस्तकं काढली. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात. सिकलमध्ये सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं, बाकी १४५ तशीच. ग्लुटामिकवर ऋण भार असतो, व्हॅलिनवर काहीच नसतो. ऋण गेलं म्हणून एकूण धन वाढलं, धन वाढलं म्हणून कॉलममध्ये पकड घट्ट, म्हणून साडेचार मिनिटं. आणि त्याच व्हॅलिनमुळे रेणू एकमेकांना चिकटतात, पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि दादाच्या हाडांत काच कुटली जाते. एका अक्षराची चूक आणि तिचे दोन परिणाम, एक मशीनच्या पडद्यावर, एक आमच्या मामीच्या घरात.

हा भाराचा फरक लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये विद्युतप्रवाहात हिमोग्लोबिन पळवून दाखवला आणि सिकलला 'रेणूचा आजार' म्हटलं. नेमकं कुठे बिघडलंय ते केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी शोधलं. त्यांचा पहिला निबंध 'नेचर' नियतकालिकात १३ ऑक्टोबर १९५६ च्या अंकात छापून आला. ही तारीख वाचली आणि मी पुस्तक मिटून बसले. दुसऱ्या दिवशी, १४ ऑक्टोबरला, माझे आजोबा पांढरे कपडे घालून दीक्षाभूमीवर उभे होते. त्यांना हा आजार कुणाचा शाप नाही, दैवाचा खेळ नाही, हे सांगणारं शास्त्र एकच दिवस आधी जगापुढे आलं होतं. आमच्या वस्तीपर्यंत पोचायला त्याला पन्नासच्या वर वर्षं लागली.

दादाचं एक सांगायला हवं, कारण त्यातून मला मशीनची मर्यादा कळली. एका आजारपणात दादाला दोन बाटल्या रक्त चढवलं होतं. महिन्याभरानं एका ठिकाणी त्याची तपासणी झाली. रिपोर्टमध्ये ए भरपूर दिसलं आणि खाली लिहून आलं, 'सिकल वाहक'. ते ए त्याचं नव्हतंच, रक्तदात्याचं होतं. रक्त चढवल्यावर साधारण तीन महिने तरी ही तपासणी विश्वासानं वाचता येत नाही. फॉर्मवर 'गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं का?' असा रकाना होता, तो कुणी विचारला नाही, कुणी भरला नाही. वर्षभर दादा वाहक म्हणून वावरला आणि त्याचं दुखणं लोकांना नाटक वाटलं. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी मामा-मामीचं रक्त तपासलं, दोघंही ए-एस निघाले, मग उलगडा झाला. आता दादा हायड्रॉक्सीयुरिया घेतो. त्या गोळीनं गर्भातलं हिमोग्लोबिन एफ वाढतं आणि एफ असलं की एसचे दोरे नीट वळले जात नाहीत. त्याच्या दुखण्याच्या रात्री पुष्कळ कमी झाल्यात. पण ते एक वर्ष गेलं ते गेलंच. मशीननं काहीही चुकीचं मोजलं नव्हतं. विचारायचं ते माणसांनी विचारलं नव्हतं.

आता माझ्या लग्नाकडे येते.

माझा नवरा जरीपटक्याचा, सिंधी. इंदोरा आणि जरीपटका शेजारी-शेजारी, मध्ये नुसता रस्ता, पण लग्नासाठी तो रस्ता ओलांडायला दोन्ही घरांना दोन वर्षं लागली. ते इथे सांगत नाही. सांगायचं ते असं, की मी त्याला पहिल्याच महिन्यात माझा ग्राफ दाखवला होता. तो म्हणाला, मीही तपासून घेतो, आणि एका शिबिरात जाऊन सोल्युबिलिटी करून आला. निगेटिव्ह. बाबांनी पेढे आणले. एक वाहक आणि एक निगेटिव्ह, मुलांना आजार होणार नाही, हिशेब मिटला.

मी सहज लॅबमधल्या ताईंना फोन करून सांगितलं. त्या खूश झाल्या आणि मग थांबल्या.

"सिंधी आहेत ना ते? एचपीएलसी केलंय?"

"निगेटिव्ह आलंय ना ताई."

"सिकल निगेटिव्ह आहे. थॅलेसेमियाचं काय? त्यांचा सीबीसी घेऊन या आधी."

सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा साधा रिपोर्ट, आमच्या घरातच होता, जुना, ऑफिसच्या मेडिकलचा. हिमोग्लोबिन १३.१, म्हणजे पुरुषासाठी जेमतेम कमी. लाल पेशी ६४ लाख, म्हणजे जास्त. आणि पेशीचा सरासरी आकार, एमसीव्ही, ६४, जो ८० च्या वर हवा. पेशी बारीक आणि संख्येनं भरपूर. ६४ लाख पेशी म्हणजे ६.४ दशलक्ष. ताईंनी एमसीव्हीच्या ६४ ला त्या ६.४ नं भागलं, दहा आले. "तेराच्या खाली आलं की मला थॅलेसेमियाची शंका येते. लोह कमी असतं तर पेशींची संख्याही पडली असती." हा साधा भागाकार, कुठल्याही सीबीसीवर करता येतो, त्याला पैसे पडत नाहीत. नवऱ्याला याआधी तीनदा लोहाच्या गोळ्यांचा कोर्स झाला होता. तिन्ही वेळा एमसीव्ही जिथल्या तिथे, आणि कुणी थबकलं नाही.

एचपीएलसीत त्याचं ए-टू ५.४ टक्के आलं. साडेतीनपर्यंत हवं. बीटा थॅलेसेमियाचा, म्हणजे हिमोग्लोबिनची बीटा साखळी कमी बनवणाऱ्या दोषाचा, वाहक. सिंधी, लोहाणा, पंजाबी समाजांत हा जीन बराच आढळतो, जसा आमच्यात, गोंडांत, माडियांत सिकलचा.

ज्यांना 'सिकल निगेटिव्ह, मग काय काळजी' वाटतं त्यांनी हे नीट वाचावं. सिकलचा दोष आणि बीटा थॅलेसेमियाचा दोष, दोन्ही एकाच जीनमधले, अकराव्या गुणसूत्रावरच्या. मुलाला आईकडून एक प्रत मिळते, बापाकडून एक. आईची सिकलची आणि बापाची थॅलेसेमियाची प्रत एकाच मुलाकडे आली, तर त्याच्याकडे धड अशी प्रतच उरत नाही. एस तेवढं बनतं, ए बनत नाही किंवा फार थोडं बनतं. त्याला सिकल-थॅलेसेमिया म्हणतात आणि तो दादासारखाच आजार असू शकतो. प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता. आणि सोल्युबिलिटीची नळी, किंवा आता निघालेली बोटभर रक्तपट्टी, यांतलं काहीही नवऱ्याचा थॅलेसेमिया पकडू शकत नाही. कारण त्याच्या रक्तात एस नाहीच, आहे ते सगळं नेहमीचंच हिमोग्लोबिन, फक्त कमी बनतं.

बाबा ऐकून गप्प झाले. सासूबाई म्हणाल्या, "बेटा, शादी रोकनी है क्या?" नवरा म्हणाला, नाही. २०१८ मध्ये आम्ही लग्न केलं, सगळं माहीत असून केलं, आणि मुलाचा विचार करायच्या आधी डीएनए तपासणी करून घेतली.

हे 'आधी' फार महत्त्वाचं आहे. गर्भाची तपासणी करायची तर आई-बापाचा दोष नेमका कोणता ते आधी ठाऊक असावं लागतं. सिकलचा दोष एकच, सगळ्यांचा सारखा. पण बीटा थॅलेसेमियाचे दोष अनेक आहेत. दिवस गेल्यावर शोधायला बसलं तर आठवडे निघून जातात. आमचे नमुने मुंबईला गेले. भारतात सगळ्यात जास्त आढळणारा दोष आधी तपासला, तो नव्हता. मग ६१९ची गळती तपासली, ती सापडली. जीनच्या शेवटाकडची ६१९ अक्षरं गळालेली असतात, आणि सिंधी लोकांत ही गळती नेहमी आढळते. आम्हाला समुपदेशन करणाऱ्या बाईंकडे मी फोटो मागितला. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या पट्ट्या. गळतीच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक खूण ठेवून मधला तुकडा पीसीआरनं लाखो पटींनी वाढवायचा. मधली ६१९ अक्षरं नसली की तुकडा आखूड निघतो, विद्युतप्रवाह सोडलेल्या जेलच्या थरात आखूड तुकडा वेगानं पळतो आणि पट्टी खाली दिसते. नवऱ्याच्या रांगेत दोन पट्ट्या होत्या, एक वर, एक खाली. त्यानं फोटो मोबाइलमध्ये काढून घेतला. "इतकी वर्षं लोहाच्या गोळ्या खाल्ल्या, आणि कारण हे," एवढंच बोलला.

माझ्या दोषाची तऱ्हा निराळी. तिथे काही गळालेलं नाही, एकच अक्षर बदललेलं आहे, जीएजीच्या जागी जीटीजी. ते पकडायला असा प्रायमर, म्हणजे प्रत सुरू करून देणारा डीएनएचा छोटा तुकडा, वापरतात ज्याचं शेवटचं अक्षर त्या बदललेल्या अक्षरावरच बसतं. बसलं तर प्रत निघते, नाही तर निघत नाही. किल्लीचा शेवटचा दात लागला तरच कुलूप उघडावं, तसं.

२०२२ मध्ये दिवस राहिले. जूनच्या पहिल्या आठवड्यात, नवतपा नुकता सरला होता तरी रस्ते तापलेले, अकरा आठवडे आणि चार दिवसांची असताना मी नागपुरातल्याच एका दवाखान्यात सीव्हीएसला गेले. गर्भाची वार जिथे तयार होत असते तिथला कणभर भाग काढायचा. वारेचा तो भाग आणि गर्भ एकाच पेशीपासून वाढलेले असतात, म्हणून बाळाला धक्का न लावता त्याचा डीएनए मिळतो. आधी कागद. १९९४च्या कायद्याचे फॉर्म, संमतीपत्र, मुलगा की मुलगी हे मी विचारणार नाही, मला सांगितलं जाणार नाही, याच्या सह्या. भिंतीवरही तसाच फलक. डॉक्टरांनी सांगितलं, या प्रक्रियेनं गर्भपात होण्याचा धोका थोडा असतो, शंभरात एकाहूनही कमी, पण असतो. रिपोर्ट वाईट आला तर काय करायचं, हेही विचारलं. ते आम्ही दोघांनी ठरवलं होतं आणि ते आमच्या दोघांतच राहील.

पोटावर थंड जेल, सोनोग्राफीचा पडदा माझ्याकडे वळवलेला. बधिरतेचं इंजेक्शन टोचलं, मग लांब सुई. दुखलं म्हणण्यापेक्षा आत कुणीतरी ओढून धरलंय असं वाटलं. पडद्यावर सुई पांढऱ्या रेघेसारखी दिसत होती आणि तिच्यापासून लांब, कोपऱ्यात, बाळ हात हलवत होतं. मी तिकडेच पाहत राहिले. डॉक्टरांनी सिरिंज पुढे-मागे ओढली, सुई काढली आणि आतलं एका बशीत सोडलं. मी मागितलं म्हणून त्यांनी ती बशी मला दाखवली. स्वच्छ द्रावणात पांढरे, बारीक फांद्या फुटलेले तुरे तरंगत होते. विहिरीच्या पायरीवरचं शेवाळ पाण्यात पसरतं ना, तसे, फक्त पांढरे. त्यात माझ्या गर्भाशयाचे तुकडेही आलेले असतात, ते सूक्ष्मदर्शकाखाली वेचून काढावे लागतात. नाही तर तपासणी बाळाची म्हणून करायची आणि डीएनए आईचा निघायचा. लॅबमध्ये पुन्हा खुणांचे तुकडे जुळवून नमुन्यात आईच्या पेशी मिसळल्या नाहीत ना, हेही पाहतात. दादाच्या रिपोर्टनंतर मला ते ऐकून फार बरं वाटलं. इथे नमुना कुणाचा आहे हे विचारणारे लोक होते.

दोन दिवस झोपून राहिले. मग शाळा सुरू व्हायची होती त्याची तयारी. दहाव्या दिवशी फोन आला तेव्हा मी वह्यांना कव्हरं घालत होते. समुपदेशन करणाऱ्या बाईंनी आधी माझं पूर्ण नाव, नवऱ्याचं नाव, नमुन्याचा नंबर विचारला. मग म्हणाल्या, "वडिलांची ६१९ची गळती बाळात नाही. तुमचा सिकलचा जीन आहे. बाळ तुमच्यासारखं आहे, वाहक."

मी आईला आवाज दिला, पण तो फुटेना. ती स्वयंपाकघरातून आपणच आली.

"काऊन वं? पॉझिटिव्ह हाये का?"

"आई, माझ्यासारखंच आहे. काही होणार नाही त्याला."

तिनं माझ्या हातातली वही घेतली, बाजूला ठेवली आणि माझं डोकं पोटाशी धरून उभी राहिली.

मुलगी डिसेंबरमध्ये झाली. त्याच महिन्यात, ११ तारखेला, कामठी रोडवरची मेट्रो सुरू झाली होती आणि आई इंदोरा चौकातून मेट्रोनं डबा घेऊन यायची. जन्मल्यावर टाचेतून रक्त घेऊन एचपीएलसी केलं. नवजात बाळात बहुतेक सगळं एफच असतं, त्यामागे ए आणि एसचे नुसते कोंब. ए एसपेक्षा जास्त दिसलं, डीएनएशी जुळलं. वर्ष पुरं झाल्यावर पुन्हा करा, म्हणाले.

तोवर १ जुलै २०२३ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी करायची, ४० वर्षांपर्यंतच्या सगळ्यांची. पुढे आमच्या शाळेतही तपासणी झाली. या वेळी ए आणि एस वेगळे दाखवणारी पट्टी होती, म्हणजे वाहक आणि रुग्ण जागच्या जागी वेगळे कळतात. माझ्या वेळी ही पट्टी असती तर, असं मनात आलं. दोन मुली वाहक निघाल्या. मी मुख्याध्यापकांची परवानगी काढली आणि दोघींच्या आयांना बोलावून, माझा २०१६चा ग्राफ टेबलावर ठेवून, पाऊण तास बसले. पट्टी थॅलेसेमिया दाखवत नाही, पोरींचं लग्न ठरताना समोरच्याचं एचपीएलसी मागा, हे दोनदा सांगितलं. एक आई माझ्या आईसारखीच होती. कागदाकडे न पाहता सारखी माझ्या तोंडाकडे पाहत होती, मी खरंच धडधाकट आहे का ते.

मुलगी सव्वा वर्षाची झाली तेव्हा आम्ही त्याच रामदासपेठेतल्या लॅबमध्ये गेलो. ताई अजून तिथेच, केस पांढरे झालेले. मशीन नवं होतं, रेघ तीच. एफ आता खाली आलेलं, ए उंच, मग सपाट आणि मग एस. वेळ ४.४१ मिनिटं. मी पर्समधून माझा कागद काढला, तिचा त्याच्यावर ठेवला आणि दोन्ही खिडकीच्या काचेला लावले. माझा डोंगर तिच्या डोंगरावर बसला, केसभराच्या फरकानं.

आई मागे उभी राहून पाहत होती. आमच्या घरात एवढ्या तपासण्या झाल्या, पण तिचं रक्त कुणी कधी घेतलंच नव्हतं. तिला काही होत नाही, म्हणून.

"आन माहा कुठी हाये यात?" तिनं विचारलं.

ताईंनी खुर्ची पुढे ओढली. आईनं बांगड्या वर सारल्या आणि हात टेबलावर ठेवला.